कुदानशिताची भिंत

प्रशासनाचे मूल्यमापन करताना आपण बहुधा प्रत्येक विभाग स्वतंत्रपणे तपासतो. त्याला निधी किती मिळाला, खर्च किती झाला, उद्दिष्ट किती टक्के गाठले, लेखापरीक्षणात आक्षेप किती निघाले, हे सर्व विभागवार मांडले जाते. या पद्धतीत एक मोठी उणीव आहे. नागरिक कोणत्याही एका विभागात राहत नाही. तो एका विभागाकडून दुसऱ्याकडे जात असतो आणि त्याला होणारा खरा त्रास बहुतेक वेळा दोन विभागांच्या मधल्या जागेत होतो. त्या मधल्या जागेचा अहवाल कोणी लिहीत नाही, कारण ती कोणाच्याच अखत्यारीत नसते.

हा विचार सिद्धांताच्या भाषेत मांडण्याऐवजी मी टोकियोतील एका भुयारी रेल्वे स्थानकाचे उदाहरण घेणार आहे. स्थानकाचे नाव कुदानशिता. जपानच्या रेल्वेविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते मुख्यतः शिंकान्सेनचा वेग आणि गाड्यांचा वक्तशीरपणा यांच्याभोवती फिरते. त्यात खोटे काही नाही. पण एका प्रशासकाला जपानकडून शिकण्यासारखे जे आहे ते मला वेगात कमी आणि गाडी बदलण्याच्या स्थानकांत अधिक दिसते. कुदानशिताचे वैशिष्ट्य असे की तेथे जपानी व्यवस्थेचे यश आणि अपयश एकाच फलाटावर पाहता येते.

प्रथम स्थानकाची ओळख करून देतो. टोकियोच्या राजवाड्याच्या खंदकापाशी, कुदान नावाच्या चढाच्या पायथ्याशी हे स्थानक आहे. निप्पोन बुदोकान हे १९६४ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले सभागृह येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आपला भारतीय दूतावासही याच कुदान भागात आहे, त्यामुळे कामानिमित्त टोकियोला जाणाऱ्या भारतीय अधिकाऱ्याची या स्थानकाशी गाठ पडतेच. तेथे तीन मार्ग एकत्र येतात. तोझाई मार्ग १९६४ च्या डिसेंबरमध्ये आला, तोएई शिंजुकु मार्ग १६ मार्च १९८० रोजी आणि हान्झोमोन मार्ग जानेवारी १९८९ मध्ये. टोकियोतील मराठी मंडळींना यांपैकी तोझाई मार्ग विशेष परिचयाचा. एदोगावा प्रभागातील ज्या निशी-कासाई परिसरात भारतीयांची मोठी वस्ती आहे, तो याच मार्गावर येतो. त्याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर २०१९ मध्ये मराठीभाषक योगेंद्र पुराणिक निवडून आले होते, हे अनेकांना आठवत असेल.

आता मालकीचा प्रश्न. टोकियोच्या भुयारी रेल्वेचे दोन चालक आहेत. पहिला ‘टोकियो मेट्रो’. ही १९४१ मध्ये स्थापन झालेल्या एका सार्वजनिक प्राधिकरणाची वारसदार कंपनी असून १ एप्रिल २००४ रोजी तिचे कंपनीत रूपांतर झाले. तेव्हा तिचे ५३.४ टक्के भाग जपान सरकारकडे आणि ४६.६ टक्के टोकियो महानगर शासनाकडे होते. दुसरा चालक ‘तोएई’, म्हणजे टोकियो महानगर शासनाचा स्वतःचा वाहतूक विभाग. त्याची परंपरा १९११ पासूनची. मेट्रोकडे ९ मार्ग आणि १९५ किलोमीटर, तोएईकडे ४ मार्ग आणि १०९ किलोमीटर, अशी ही विभागणी आहे. कुदानशिताचे तोझाई आणि हान्झोमोन हे मार्ग मेट्रोचे. शिंजुकु मार्ग तोएईचा.

हान्झोमोन आणि शिंजुकु हे दोन मार्ग कुदानशिताला एकाच पातळीवर, एकमेकांना समांतर आहेत. मेट्रोचा ४ क्रमांकाचा फलाट आणि तोएईचा ५ क्रमांकाचा फलाट वस्तुतः एकाच चौथऱ्याच्या दोन बाजू. एका गाडीतून उतरावे, चार पावले चालावी आणि समोरच्या गाडीत बसावे, अशी ही रचना होऊ शकली असती. पण १९८९ मध्ये हान्झोमोन मार्ग आला तेव्हापासून २०१३ पर्यंत, म्हणजे २४ वर्षे, या दोन बाजूंच्या मध्ये एक भिंत उभी होती. प्रवाशाने जिना चढून वर जायचे, एका चालकाच्या तिकीट फाटकातून बाहेर पडायचे, दुसऱ्याच्या फाटकातून आत शिरायचे, पुन्हा जिना उतरायचा आणि भिंतीच्या पलीकडे, मघाच्या जागेपासून हाताच्या अंतरावर, उभे राहायचे.

ही भिंत कोणा आळशी किंवा अकार्यक्षम माणसांनी ठेवली नव्हती. दोन्ही संस्था आपापल्या कामात उत्तम होत्या. मेट्रो नफ्यात होती, तिच्या गाड्या वेळेवर धावत होत्या. तोएईवर महागड्या मार्गांच्या बांधकामामुळे मोठा संचित तोटा होता, तरी तिची सेवाही चोख होती. दोन्ही संस्थांचा स्वतंत्र अहवाल वाचला असता तर कोणत्याही तपासनिसाने दोघींना पहिला वर्ग दिला असता. भिंत दोन्ही अहवालांच्या मधल्या कोऱ्या जागेत उभी होती.

तिचे कारण हिशेबात शोधावे लागते. प्रवाशांची दोन-तीन मिनिटे आणि दोन जिने हा खर्च मेट्रोच्या ताळेबंदात येत नव्हता आणि तोएईच्याही येत नव्हता. समजा, दररोज १०,००० माणसे येथे गाडी बदलतात आणि प्रत्येकाची ३ मिनिटे जास्त जातात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. तरी त्यांचा गुणाकार ५०० तास होतो. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर दररोज ६० हून अधिक माणसांची दिवसभराची मेहनत त्या जिन्यांवर संपते. एखाद्या कार्यालयाने ६० माणसे रोज नुसती बसवून ठेवली असती तर केवढा गदारोळ झाला असता! पण हा तोटा हजारो खिशांत तीन-तीन मिनिटांनी वाटला गेलेला असतो, म्हणून त्याचा आवाज होत नाही. भिंत पाडण्याचा खर्च मात्र एका ठिकाणी, एका लेखाशीर्षाखाली, एका अधिकाऱ्याच्या सहीने पडणार असतो. ज्या खर्चाला लेखाशीर्ष आहे तो टाळला जातो आणि ज्याला नाही तो नागरिकाच्या अंगावर ढकलला जातो, हा नियम मला सरकारी सेवेत सर्वत्र आढळला आहे.

येथे कोणी म्हणेल, संस्था दोन असल्या की असे होणारच. त्या एक करा म्हणजे प्रश्न मिटला. हे उत्तर मला पटत नाही आणि ते का पटत नाही हे कुदानशिताच्याच गाड्या सांगतात.

या स्थानकात उभे राहून येणाऱ्या गाड्या पाहिल्या तर लक्षात येते की त्यांतील कितीतरी गाड्या त्या मार्गाच्या मालकाच्या नसतात. हान्झोमोन मार्गावर एका बाजूने तोक्यू कंपनीच्या मार्गावरून कानागावा प्रांतातील चुओ-रिन्कानहून गाडी येते आणि दुसऱ्या टोकाला ओशिआगे येथून पुढे तोबू कंपनीच्या रुळांवर, साईतामा प्रांतात, निघून जाते. तीन कंपन्यांच्या हद्दींतून जवळजवळ १०० किलोमीटरचा प्रवास, आणि प्रवासी जागेवरून उठतही नाही. शिंजुकु मार्गाच्या गाड्या शिंजुकु येथून केइओ कंपनीच्या मार्गावर पश्चिमेच्या उपनगरांत जातात. तोझाई मार्गाच्या गाड्या नाकानोपाशी ‘जेआर पूर्व’च्या रुळांवर चढतात. म्हणजे उपनगरातील खाजगी कंपनी आणि शहरातील भुयारी रेल्वे यांच्यातील हद्द प्रवाशाला जाणवतही नाही. आणि शहराच्या मध्यभागी, दोन सार्वजनिक संस्थांच्या मध्ये मात्र भिंत!

उपनगरांच्या बाबतीत हे कसे साधले? १९५० च्या दशकात टोकियोची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. खाजगी उपनगरी कंपन्यांचे मार्ग शहराच्या वेशीपर्यंत येऊन थांबत आणि तेथे गाडी बदलणाऱ्यांची झुंबड उडे. प्रत्येक कंपनी स्वतःचा भुयारी मार्ग शहराच्या पोटात नेण्याची परवानगी मागत होती. वाहतूक मंत्रालयाने नगर वाहतूक परिषद नेमली. तिने १९५६ मध्ये शिफारस केली की भुयारी मार्ग सार्वजनिक संस्थांनी बांधावे, पण ते उपनगरी मार्गांना असे जोडावे की एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवरून धावू शकेल. थोडक्यात, सांधा कोठे असेल आणि तो कसा असेल हे बांधकाम सुरू होण्यापूर्वीच ठरले.

त्यासाठी कंपन्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. केइसेई या कंपनीच्या रुळांमधील अंतर १३७२ मिलिमीटर होते. हे विचित्र माप १८८२ च्या टोकियोतील घोड्यांच्या ट्रामपासून चालत आलेले. नव्या भुयारी मार्गाचे माप १४३५ ठरले. तेव्हा केइसेईने १९५९ मध्ये आपल्या सुमारे ८० किलोमीटर मार्गाचे रूळ टप्प्याटप्प्याने, वाहतूक चालू ठेवून, सुमारे दोन महिन्यांत सरकवून घेतले. ४ डिसेंबर १९६० रोजी भुयारी आणि उपनगरी मार्गांवर एकच गाडी धावण्याची जपानमधील पहिली सेवा सुरू झाली. केइओ कंपनीचे माप तेच, १३७२. पण तिची वर्दळ इतकी होती की रूळ बदलणे व्यवहार्य ठरेना. मग तेथे उलटी तडजोड झाली: तोएईने आपला नवा शिंजुकु मार्गच १३७२ मापाने बांधला. एके ठिकाणी खाजगी कंपनी सरकारी मापाकडे आली, दुसऱ्या ठिकाणी सरकारी विभाग खाजगी मापाकडे गेला. ‘आम्ही शासन आहोत, तुम्हीच बदला’ हा आग्रह कोणी धरला नाही.

पैशांचा हिशेब तर याहून बोधप्रद आहे. एका कंपनीची गाडी दुसरीच्या रुळांवर धावली की गाडीच्या वापराचे भाडे द्यावे लागते. पण दर महिन्याला देयके पाठवणे, ती तपासणे आणि त्यांवर आक्षेप घेणे हा उद्योग वाचवण्यासाठी साधी पद्धत ठरली: तुमचे डबे आमच्या रुळांवर जितके किलोमीटर धावतील, साधारण तितकेच आमचे डबे तुमच्या रुळांवर धावावेत असे वेळापत्रक आखायचे. फेड वस्तुरूपाने होते. रोख हिशेब उरलाच तर फरकापुरता. हद्दीच्या स्थानकावर चालक आणि गार्ड बदलतात, म्हणजे प्रत्येक कंपनीच्या रुळांवर तिच्याच शिस्तीतली माणसे असतात. गाडीत मात्र सर्व संबंधित मार्गांची सिग्नल यंत्रणा बसवलेली असते. एका मार्गावर बिघाड झाला तर त्याचा उशीर शंभर किलोमीटर दूर पोहोचू नये म्हणून थेट सेवा तात्पुरती तोडून प्रत्येकाने आपापल्या हद्दीत गाड्या चालवायच्या, हेही आधीच ठरलेले असते. सहकार्याच्या करारात ते केव्हा थांबवायचे याचेही कलम असावे लागते; ते नसेल तर पहिल्याच अडचणीत सहकार्य भांडणात बदलते.

हे सर्व वेगवेगळ्या मालकीच्या, वेगवेगळ्या नफ्या-तोट्याच्या, प्रसंगी परस्परांच्या स्पर्धक असलेल्या संस्थांनी केले. म्हणून माझे मत असे आहे की दोन संस्था असणे हा दोष नाही. दोन संस्थांमधील सांध्याला मालक नसणे हा दोष आहे. उपनगरांच्या सांध्याला १९५६ मध्ये मालक मिळाला. परिषदेच्या शिफारशीमुळे तो प्रश्न मंत्रालयाच्या टेबलावर आला. शहराच्या मध्यातील सांधा मात्र ‘दोन्ही आपलेच’ या समजुतीत बेवारस राहिला.

त्याला मालक मिळाला तो नाओकी इनोसे यांच्या रूपाने. मूळचे लेखक असलेले इनोसे २००७ मध्ये टोकियोचे उप-राज्यपाल झाले. मेट्रो आणि तोएई यांचे एकीकरण व्हावे असा त्यांचा आग्रह होता आणि २०१० मध्ये केंद्रीय मंत्रालय, महानगर शासन आणि मेट्रो यांची त्यासाठी चर्चाही सुरू झाली. एकीकरण झाले नाही. तोएईचा संचित तोटा आपल्या भागधारकांच्या माथी का मारावा, हा मेट्रोच्या बाजूचा प्रश्न गैरवाजवी नव्हता. केंद्र सरकारला आपले भाग विकायचे होते आणि तोट्यातला विभाग गळ्यात बांधलेली कंपनी कोण घेणार? पण या मोठ्या वादात इनोसे यांनी एक लहान गोष्ट सोडली नाही. कुदानशिताच्या भिंतीला त्यांनी ‘बाका नो काबे’, म्हणजे मूर्खपणाची भिंत, म्हटले. ताकेशी योरो या शरीररचनाशास्त्रज्ञाचे याच नावाचे पुस्तक २००३ मध्ये प्रचंड खपले होते, त्यामुळे हे नाव लोकांच्या तोंडी लगेच बसले. अहवालातील एखाद्या परिच्छेदाने जे झाले नसते ते या नावाने झाले. दोन लेखाशीर्षांच्या मधला त्रास लोकांना दिसू लागला.

१६ मार्च २०१३ रोजी भिंतीविना फलाट सुरू झाला. शिंजुकु मार्ग कुदानशिताला आला त्या दिवसाला त्याच तारखेला ३३ वर्षे पूर्ण झाली होती. मधली तिकीट फाटकेही हटवली गेली. आज तेथे उभे राहिले तर फलाटाच्या एका बाजूला १०६७ मिलिमीटरचे रूळ आणि दुसऱ्या बाजूला १३७२ मिलिमीटरचे; फरक ३०५ मिलिमीटरचा, म्हणजे बरोबर एका फुटाचा. एका बाजूची गाडी दुसऱ्या बाजूच्या रुळांवर कधीही जाऊ शकणार नाही. पण तिची गरजही नाही. माणसाच्या पायांना गेज नसते. जेथे यंत्रे जोडता येत नाहीत तेथेही माणसांची वाट मोकळी करता येते, आणि त्यासाठी संस्थांचे विलीनीकरण होईपर्यंत थांबावे लागत नाही. इनोसे पुढे राज्यपाल झाले आणि एका वेगळ्याच आर्थिक प्रकरणामुळे डिसेंबर २०१३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्याबद्दल मत काहीही असो, फलाट मोकळा झाला तो झालाच.

तरीही कुदानशिताची गोष्ट संपूर्ण यशाची नाही. विटांची भिंत गेली, भाड्याची राहिली. मेट्रोतून उतरून समोरच्या तोएईच्या गाडीत बसले की दोन चालकांचे वेगवेगळे भाडे लागते. दोहोंच्या बेरजेतून ७० येनची सूट मिळते, पण एकाच चालकाच्या मार्गाने तेवढेच अंतर गेलात तर सामान्यतः स्वस्त पडते. २००७ मध्ये ‘पास्मो’ कार्ड आले आणि ते ‘जेआर’च्या ‘सुइका’ कार्डाशी जोडले गेले, तेव्हापासून प्रवाशाच्या हातात कार्ड एकच असते. कापली जाणारी भाडी मात्र दोन.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे कूर्नो आठवतो. या फ्रेंच गणितज्ञाने १८३८ मध्ये तांबे, जस्त आणि पितळ यांचे उदाहरण घेऊन दाखवले होते की परस्परपूरक वस्तूंचे दोन स्वतंत्र मक्तेदार आपापली किंमत ठरवू लागले तर पितळ बनवणाऱ्याला ती दोन्ही एकाच मक्तेदाराकडून घेण्यापेक्षाही महाग पडतात. शिवाय दोघांची मिळून कमाईही कमीच होते. प्रवाशाला हवे असते पितळ; त्याला विकले जाते तांबे वेगळे आणि जस्त वेगळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये टोकियो मेट्रोची शेअर बाजारात नोंदणी झाली आणि दोन्ही शासनांनी आपले निम्मे भाग विकले. आता तिला हजारो खाजगी भागधारकांना उत्तर द्यायचे आहे. त्यामुळे भाड्याची भिंत विलीनीकरणाने पडेल ही आशा दुरावली आहे. ती पाडायची तर उपनगरी गाड्यांच्या धर्तीवर, मिळणारे भाडे कसे वाटायचे याच्या कराराने पाडावी लागेल. टोकियोने ते करायला हवे असे मला वाटते. तंत्रज्ञानाची अडचण त्यात आता उरलेली नाही.

आता आपल्याकडे वळतो. जपानची स्तुती आणि भारताची निंदा हा सोपा लेखनप्रकार मला करायचा नाही. कारण भाड्याच्या बाबतीत मुंबई टोकियोच्या पुढे आहे. दादरला पश्चिम रेल्वे सोडून मध्य रेल्वे धरणाऱ्याला दुसरे तिकीट काढावे लागत नाही. दोन्ही भारतीय रेल्वेचीच अंगे, भाडे एकूण अंतराचे. पण त्याच दादरला फलाटांचे क्रमांक दोन्ही रेल्वेंनी आपापले, एकपासून, दिले होते. नवख्या माणसाला ‘तीन नंबरवर ये’ असे सांगितले तर तो कोणत्या तीन नंबरवर उभा राहील हे नशिबावर असे. ९ डिसेंबर २०२३ रोजी पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्यच्या फलाटांना ८ ते १४ क्रमांक दिले गेले. या कामाला लागले ते फलक आणि रंग. मग इतकी वर्षे का लागली? कारण पश्चिमेच्या दृष्टीने तिचे क्रमांक बरोबर होते आणि मध्यच्या दृष्टीने तिचे. चुकत होता तो फक्त प्रवासी.

माझ्या नोकरीतील एक प्रसंग सांगतो. उत्तरेकडील एका शहरात दोन सरकारी कार्यालये शेजारी शेजारी होती. एका कार्यालयातून प्रमाणपत्र घ्यायचे आणि दुसऱ्यात नेऊन द्यायचे, हे अनेक अर्जदारांचे रोजचे काम. दोहोंच्या मधल्या कुंपणाला फाटक होते, पण त्याला कुलूप. अर्जदार, त्यांत कित्येक वृद्ध, मुख्य रस्त्याने मोठा वळसा घालून जात. कुलूप का, तर फाटक उघडायचे म्हणजे तेथे चौकीदार हवा, आणि त्याचा पगार कोणत्या कार्यालयाने द्यायचा यावर पत्रव्यवहार चालू होता. दोन्ही बाजूंची पत्रे नियमाला धरून होती. शेवटी तोडगा निघाला तो असा: सहा महिने एका कार्यालयाचा चौकीदार, सहा महिने दुसऱ्याचा. पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत. पुढे जपानी कंपन्यांची डबे-किलोमीटरची पद्धत वाचली तेव्हा मला ते फाटक आठवले. तत्त्व तेच: फेड वस्तुरूपाने, आळीपाळीने, देयकांशिवाय.

मोठ्या प्रमाणावरही आपण हे करू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना जवळचे वाटेल. शिधापत्रिका एका राज्याची आणि पोट दुसऱ्या राज्यात, ही स्थलांतरित मजुराची जुनी अडचण. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र प्रदेश-तेलंगणा या दोन जोड्यांपासून शिधापत्रिकेची आंतरराज्य सोय सुरू झाली आणि जून २०२२ मध्ये आसाम सामील झाल्यावर ती देशभर पोहोचली. यासाठी राज्यांचे अन्नपुरवठा विभाग विलीन करावे लागले नाहीत. एका राज्याच्या माणसाने दुसऱ्या राज्यातून उचललेल्या धान्याची नोंद कशी करायची आणि हिशेब कसा जुळवायचा, एवढे ठरवावे लागले. सांध्याला मालक मिळाला.

शहरी वाहतुकीत मात्र आपण अजून कुंपणापाशी आहोत. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मोठ्या शहरांसाठी एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरण सुचवले. २०१७ च्या मेट्रो धोरणाने त्याला मेट्रोच्या मंजुरीशी जोडले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय सामायिक वाहतूक कार्ड आले. ही सर्व पावले योग्यच आहेत. पण पास्मोचा धडा लक्षात ठेवावा: कार्ड एक झाले म्हणजे भाडे एक होत नाही, आणि प्राधिकरणाची पाटी लागली म्हणजे सांध्याला मालक मिळतोच असे नाही. ज्या प्राधिकरणाकडे भाडेवाटपाचा अधिकार नाही आणि दोन स्थानकांमधील पादचारी पुलासाठी स्वतःचा पैसा नाही, ते बैठकांची इतिवृत्ते तेवढी लिहील.

माझ्या सूचना तीनच आहेत आणि त्यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही. पहिली: दोन संस्था जेथे भेटतात अशा प्रत्येक ठिकाणासाठी एक अधिकारी नावानिशी जबाबदार असावा आणि त्याच्या गोपनीय अहवालात दोन्ही संस्थांच्या वरिष्ठांचे मत घेतले जावे. दुसरी: प्रकल्पाच्या प्रस्तावात ‘नागरिकाचा वेळ’ असा एक रकाना सक्तीचा असावा. त्यात मिनिटे लिहावीत आणि त्यांचा गुणाकार करावा. आकडा अंदाजाचा असला तरी चालेल. कोरा रकाना मात्र चालू नये. तिसरी: आंतरविभागीय देण्याघेण्यात जेथे शक्य आहे तेथे रोख देयकांऐवजी वस्तुरूप, आळीपाळीची फेड मान्य करावी. लेखापरीक्षकांना ही पद्धत अपरिचित वाटेल, म्हणून वित्त विभागाने तिचा नमुना करार एकदाच तयार करून द्यावा.

यावर एक आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे: जबाबदार अधिकारी वाढवले की आणखी एक टेबल वाढते. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मी नवे पद मागत नाही. आहे त्याच अधिकाऱ्यांपैकी एकाच्या कर्तव्यसूचीत एक ओळ मागतो. कुदानशिताची भिंत पाडायला नवी संस्था लागली नाही. ती भिंत माझी आहे, असे म्हणणारा एक माणूस अधिकाराच्या जागी लागला, आणि तो मिळेपर्यंत जगातल्या सर्वांत शिस्तबद्ध रेल्वेव्यवस्थेतही २४ वर्षे लोक जिने चढत-उतरत राहिले.